ओला बोंबील, सुका बोंबील आणि मांजराच्या ताटातलं पाणी

हिवाळ्यात वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलात तर बांबूच्या वलांड्यांवर बोंबलांच्या जोड्या, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून, वाळत घातलेल्या दिसतात. सकाळी टांगलेला बोंबील लिबलिबीत, जवळजवळ पारदर्शक असतो. हातात धरला तर बोटांतून ओघळायला बघतो. चार-पाच उन्हं खाल्ली की तोच काडीसारखा कडक होतो. मासा तोच, फक्त त्यातलं पाणी गेलं. ओल्या बोंबलाच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त पाणीच असतं, सुक्यात जेमतेम १५ ते २० ग्रॅम उरतं.

घरातल्या मांजराच्या आणि कुत्र्याच्या खाण्याचा विचार करताना हे दोन बोंबील डोळ्यांसमोर ठेवा. पाकिटातले कोरडे दाणे, ज्याला आपण ड्राय फूड म्हणतो, त्यांत साधारण ६ ते १० टक्के पाणी असतं. म्हणजे ते सुक्या बोंबलापेक्षाही सुके. डब्यातलं किंवा पाउचमधलं ग्रेव्हीचं वेट फूड ७५ ते ८२ टक्के पाण्याचं. दोन्ही पाकिटांवर मांजराचा सारखाच फोटो असतो आणि दोन्हींवर ‘संपूर्ण आहार’ असंच लिहिलेलं असतं. पण एक खाल्लं की जनावराच्या पोटात जेवणासोबत पाणीही जातं, दुसरं खाल्लं की ते सगळं पाणी त्याला वेगळं, आठवणीने, वाटीतून प्यावं लागतं. कुत्र्याला हे बऱ्यापैकी जमतं. मांजराला जमत नाही, आणि त्याची किंमत मी माझ्या घरात पाहिली आहे.

आमचा गंप्या पाच वर्षांचा, नसबंदी केलेला बोका. लालबागला दोन खोल्यांचं घर, आणि त्याचा दिवस खिडकीत नाहीतर फ्रीजवर. खाणं फक्त दाणे, कारण ते सोपं. सकाळी वाडगं भरून कामाला जायचं, संध्याकाळी परत भरायचं. पाण्याची स्टीलची वाटी बाजूला कायम भरलेली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो एका दिवशी सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, उठायचा, पुन्हा जायचा. शेजारच्या काकी म्हणाल्या, “उन्हाळी लागलीय गं त्याला. धण्याचं पाणी पाज.” मलाही तेच वाटलं. आपल्याकडे उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की उन्हाळीच म्हणतात, आणि धणे, सब्जा, शहाळं यांनी ती उतरतेही. तो दिवस मी तसाच घालवला. रात्री दोनला तो मोरीत जाऊन ओरडायला लागला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पोटाला हात लावला तर आत मोसंब्याएवढा टणक गोळा लागला. ते त्याचं मूत्राशय होतं. लघवीचा रस्ता पूर्ण बंद झाला होता.

डॉक्टरांनी नळी घालून रस्ता मोकळा केला आणि तीन दिवस सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “पाणी किती पितो?” मी म्हटलं, वाटी नेहमी भरलेली असते. ते म्हणाले, “सकाळी भरलेली वाटी संध्याकाळी किती खाली जाते?” मला सांगता येईना, कारण ती खाली जातच नव्हती.

वाळवंटातून आलेलं जनावर

मांजर पाणी कमी का पितं, याचं उत्तर फार जुनं आहे. जगातली सगळी पाळीव मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका रानमांजरापासून आली, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. हे रानमांजर रखरखीत, कोरड्या मुलखातलं. तिथे रोज पाणवठा सापडेल याचा भरवसा नाही. पण उंदीर, पाखरं सापडतात, आणि उंदराच्या अंगात ६५ ते ७५ टक्के पाणी असतं. दिवसाला आठ-दहा उंदीर मारले की जेवणही झालं आणि पाणीही झालं. अशा जनावराला तहानेची जाणीव तीव्र असायची गरज पडली नाही. त्याच्याऐवजी मूत्रपिंडं जबरदस्त तयार झाली. मांजराची मूत्रपिंडं लघवी माणसापेक्षा दुपटीहून जास्त दाट करू शकतात, पाण्याचा थेंबन् थेंब राखून ठेवतात.

रानात ही ताकद कामाची आहे. लालबागच्या खोलीत, वाडगाभर कोरड्या दाण्यांसमोर, तीच अंगावर येते. हिशोब करून पाहू. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं मिळून साधारण २०० ते २४० मिलिलिटर पाणी लागतं. ते वेट फूडवर असेल तर दिवसाचं त्याचं खाणं साधारण २५० ग्रॅम. त्यातलं ८० टक्के पाणी धरलं तर २०० मिलिलिटर ताटातूनच गेलं. वाटीकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही तरी चालण्यासारखं आहे. आता दाणे घ्या. तेवढीच ताकद मिळायला ६० ग्रॅम दाणे पुरतात, आणि ६० ग्रॅम दाण्यांतून पाणी मिळतं पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. अन्न पचून अंगात जळताना थोडं पाणी शरीरातच तयार होतं, ते पंचवीसेक मिलिलिटर धरा. उरलेलं दीडशे-दोनशे मिलिलिटर त्याने प्यायला हवं.

आता मांजराला पाणी पिताना एकदा जवळून बघा, अगदी खाली वाकून, वाटीच्या पातळीवर डोळे आणून. ते जिभेचा चमचा करून पाणी उचलत नाही. जिभेचं टोक खालच्या बाजूला वळतं, पाण्याच्या पृष्ठभागाला नुसतं टेकतं आणि झटक्यात वर येतं. त्याच्यामागे पाण्याचा एक बारीक खांब वर ओढला जातो आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटून त्याचा वरचा तुकडा पकडतं. सेकंदाला तीन-चार वेळा. हनुवटीचा केसही भिजत नाही. हे सगळं वेगवान कॅमेऱ्याने टिपून अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० साली त्याचं गणित मांडलं. एका चाटण्यात जेमतेम मिलिलिटरच्या दहाव्या हिश्श्याइतकं पाणी तोंडात जातं. म्हणजे दीडशे मिलिलिटरसाठी पंधराशेच्या आसपास चाटणी. ज्याला फारशी तहानच लागत नाही, ते जनावर रोज एवढं करत नाही. दाण्यांवरची मांजरं वाटीतून जास्त पितात हे खरं, पण ताट आणि वाटी यांची बेरीज केली तर ती वेट फूडवाल्या मांजरांपेक्षा कमीच भरते.

पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि कमी वेळा होते. दाट लघवीत क्षार विरघळून राहू शकत नाहीत, त्यांचे खडे बनतात. आपल्या बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो तसंच समजा, फक्त ते आत, मूत्राशयात. त्यात आतल्या अस्तराचा चिकट स्राव मिसळला की बुच तयार होतं. मादीची मूत्रनळी रुंद आणि आखूड असते, त्यामुळे तिला त्रास झाला तरी रस्ता सहसा पूर्ण बंद होत नाही. बोक्याची नळी लांब आणि टोकाशी अगदी निमुळती. रस्ता बंद झाला की लघवीतून बाहेर पडणारं पोटॅशियम रक्तात साठतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत बोका जाऊ शकतो. म्हणून हे ठळक सांगते: बोका सारखा ट्रेमध्ये जातोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर धणे नाहीत, सब्जा नाही, शहाळं तर नाहीच, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्याच क्षणी दवाखाना. रात्र असली तरी.

पाणी हे एकच कारण नसतं, हेही सांगायला हवं. वजन वाढलेलं असणं, दिवसभर घरात कोंडलेलं असणं, घरातला तणाव यांचाही हात असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या मे महिन्यात वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू होतं आणि गंप्या आठवडाभर कपाटावरून उतरत नव्हता. पण या सगळ्यांत आपल्या हातात सगळ्यात सहज असलेली गोष्ट ताटातलं पाणी आहे.

मग दाणे वाईटच का?

नाहीत. दाणे सुके का असतात, ते बोंबील वाळवणाऱ्या कोळणीला विचारा. पाणी काढलं की जंतूंना आणि बुरशीला जगायला जागा उरत नाही, म्हणून माल टिकतो. दाण्यांचं पाकीट महिनाभर राहतं, वाडग्यात दिवसभर पडलं तरी नासत नाही, आणि पैशांच्या हिशोबात वेट फूडच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं. तीन मांजरं असलेल्या घराला नुसती पाउचं परवडत नाहीत, हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल कोणालाही अपराधी वाटू नये.

मात्र मुंबईच्या पावसाळ्यात ही सुकेपणाची ढाल कमकुवत होते. जून ते सप्टेंबर हवेतलीच ओल दाणे शोषून घेतात. सुके बोंबील आपण त्या दिवसांत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, मग दाण्यांचं पाकीट नुसतं दुमडून क्लिप लावून का ठेवायचं? दाणा बोटांत दाबून बघा. कुरकुरीत तुटायला हवा. चिवट लागला, कुबट वास आला, तर टाकून द्या. बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि ते यकृतावर जातं. आम्ही आता लहान पाकीट आणतो, तेही मूळ पिशवीसकट डब्यात. उलट, वेट फूडमध्ये पाणी आहे म्हणजे जंतूंनाही मेजवानी आहे. एप्रिल-मेच्या दुपारी उघडं पाउच तासाभरापेक्षा जास्त ताटात ठेवू नका. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये, आणि देताना थोडं कोमट करून. फ्रीजमधलं गार खाणं बऱ्याच मांजरांना चालत नाही.

मधला रस्ता आम्हाला असा सापडला: सकाळी दाणे, मोजून. रात्री पाउच, त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवून. सुरुवातीला एकच चमचा घातला होता, कारण ताट एकदम बदललं की मांजर तोंड फिरवतं. आणि मांजराने दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर, विशेषतः ते लठ्ठ असेल तर, यकृताचा गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट मांजराशी करू नये. दाणेही पाण्यात भिजवून देता येतात, पण भिजवलेले दाणे ओल्या अन्नातच धरायचे, तासाभरात उचलायचे.

इथे पाकिटावरच्या आकड्यांबद्दल थोडं थांबायला हवं, कारण दुकानात उभं राहून माझीही फसगत झाली आहे. पाउचवर प्रोटीन लिहिलेलं असतं ८ टक्के, दाण्यांवर ३२ टक्के. कोणीही म्हणेल दाणे चौपट पौष्टिक. पण ८ टक्के हे पाण्यासकट मोजलेले आहेत. पाउचमध्ये ८२ टक्के पाणी असेल तर कोरडा ऐवज उरला १८. त्या १८ मध्ये ८ प्रोटीन, म्हणजे ४४ टक्के. दाण्यांत १० टक्के पाणी, कोरडा ऐवज ९०, त्यात ३२ प्रोटीन, म्हणजे साडेपस्तीस टक्के. पारडं उलटलं. पाकिटाच्या मागे मॉइश्चर म्हणून आकडा दिलेला असतो. तो शंभरातून वजा करायचा आणि उरलेल्याने प्रोटीनच्या आकड्याला भागून शंभराने गुणायचं. ओल्या आणि सुक्या बोंबलाच्या भावाची तुलना करताना आई नेमकं हेच मनातल्या मनात करते.

घरच्या गोष्टींबद्दल. मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे मांजराचं पाणी म्हणजे दूध असं डोक्यात बसलेलं आहे. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि अंगातलं होतं ते पाणीही जातं. ज्या मांजराला वर्षानुवर्षं दूध सोसतंय त्याला थोडं दिलं तर आकाश कोसळत नाही, पण पाण्याऐवजी दूध नको. चिकन किंवा मासळी शिजवलेलं पाणी मात्र उपयोगाचं आहे, एका अटीवर: त्यात कांदा, लसूण, मीठ, मसाला काहीही नको. कांदा-लसणाने मांजर आणि कुत्रा दोघांच्याही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, मांजर तर त्याला फारच हळवं. आपल्या रश्श्यातला चमचाभर काढून देणं म्हणूनच बंद. मासे द्यायचे तर शिजवून, काटे काढून, कारण काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. आणि नुसतं उकडलेलं चिकन हे रोजचं पूर्ण जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम फार कमी पडतं, शिवाय मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच मिळावा लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय जातं. डोळ्यांचं १९७० च्या दशकात कळलं, हृदयाचं १९८० च्या दशकात, आणि तेव्हापासून चांगल्या कंपन्या तो खाद्यात घालतात. घरचा रस, घरचे तुकडे हे वरची चव म्हणून, दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत.

वाटीचंही थोडं बघा. मातीच्या ट्रेजवळ पाण्याची वाटी असेल तर मांजर टाळतं. एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी, पसरट, काठोकाठ भरलेल्या वाट्या ठेवा. काहींना वाहतं पाणी आवडतं. गंप्या मोरीतल्या नळाखाली मान वाकडी करून बसतो आणि मी धार अगदी बारीक सोडते. शेजारच्या मांजरीला तोच नळ नको असतो, तिला बादलीतलंच लागतं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं आणि आपण उकळून पितो, तेव्हा त्यांनाही तेच उकळून गार केलेलं द्यावं.

कुत्र्याची गोष्ट वेगळी

कुत्र्याला तहान कळते. पाण्याची तूट पडली की तो काही मिनिटांत घटाघट पिऊन बरीचशी भरून काढतो, चार फरशा ओल्या करून. दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे १८-२० किलोच्या आपल्या गावठी कुत्र्याला सगळं मिळून लिटरभर. दाण्यांवर असेल तर तो त्या मानाने जास्त पितो, म्हणून निरोगी कुत्र्याला दाणे चालतात. दहीभात किंवा वरणभात-चिकन खाणारा कुत्रा वाटीतून कमी पितो, तेव्हा घाबरू नका. शिजलेल्या भातात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, दह्यात त्याहून जास्त.

कुत्र्याची खरी परीक्षा मुंबईची हवा घेते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीला येतो तेवढाच. अंग थंड करायचं त्याचं साधन म्हणजे धापा टाकणं. जिभेवरचं, घशातलं, नाकातलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची अशी वाफ झाली तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, इतकं हे साधन जोरदार आहे. पण वाफ व्हायला हवेत जागा लागते. जळगावच्या कोरड्या उन्हात पारा चढलेला असला तरी जीभ वाळते. मुंबईत ३३-३४ अंशांतच हवा पाण्याने इतकी गच्च असते की वाफ उडायलाच तयार नसते. दांडीवरचे कपडे ज्या दिवशी वाळत नाहीत, त्या दिवशी कुत्र्याची जीभही वाळत नाही. तो धापा टाकतच राहतो. पाणी जातं, लाळ गळते, पण अंग थंड होत नाही. मे महिना आणि ऑक्टोबर हे दोन्ही यासाठी वाईट. पग, शिट्झू, बुलडॉग यांची नाकं चपटी, म्हणजे वाफेचं हे यंत्रच अर्धं. त्यांना सकाळी सातनंतर आणि संध्याकाळी उन्हं कलण्याआधी शिवाजी पार्कला फिरवायला नेऊ नये, असं मला अगदी कळकळीने वाटतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं, हिरड्या लालभडक झाल्या, चालताना झोकांड्या गेल्या तर तो उष्माघात आहे. तेव्हा आधी सावली, अंगावर नळाचं पाणी ओतायचं, पंखा लावायचा आणि मग दवाखाना. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर आतली उष्णता कोंडते. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

अंगातलं पाणी कमी झालंय का, हे घरी बघायचं तर वरचा ओठ उचला आणि हिरडीवर बोट टेकवा. निरोगी हिरडी ओलसर, निसरडी लागते. चिकट लागली तर शंका घ्या. बोटाने दाबा, पांढरी पडते. सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसली पाहिजे. ही कातडीची परीक्षा म्हाताऱ्या आणि हडकुळ्या जनावरात दगा देते, कारण कातडी मुळातच सैल झालेली असते. लठ्ठ जनावरात उलट, पाणी कमी असूनही ती झटकन बसते. शिवाय वजनाच्या पाच टक्क्यांइतकं पाणी जाईपर्यंत बाहेरून काही कळतच नाही. म्हणून जनावर ठणठणीत असतानाच हिरडीला दोन-तीनदा बोट लावून ठेवा. हाताला नेहमीचं काय ते कळलेलं असलं की बदललेलं समजतं. लहान पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर या परीक्षेत वेळ घालवू नका. त्यांच्यात पाणी तासातासाने उतरतं.

पावसाळ्यात कुत्र्याला पाणी कमी पडत नाही, नको ते पाणी मिळतं. रस्त्यावरचं साचलेलं, उंदरांच्या लघवीने बाधलेलं पाणी लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूंच्या आजाराचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्या पुरानंतर मुंबईने माणसांमधला लेप्टो पाहिला. तोच जंतू कुत्र्याच्याही मूत्रपिंडांवर आणि यकृतावर जातो. दर वर्षीची लस पावसाच्या आधी, आणि फिरायला निघण्यापूर्वी घरीच पोटभर पाणी. तहानलेला कुत्रा डबक्याला तोंड लावतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी गेटजवळ सिमेंटची कुंडी ठेवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक आहे. ती रोज उपडी करून घासून भरायची मात्र, कारण आठवडा-दहा दिवस तेच पाणी राहिलं तर डेंग्यूचे डास तिथेच तयार होतात आणि सोसायटीवाले कुंडीच उचलून टाकतात.

पाणी वाढलं तर

खालच्या मजल्यावरच्या आजींची मनी चौदा वर्षांची. गेल्या दिवाळीनंतर ती अचानक पाणी प्यायला लागली. वाटी संपवायची, मग मोरीतल्या बादलीवर पुढचे पाय ठेवून प्यायची. आजी खूश. “तुझ्या गंप्याला शिकव जरा हिच्याकडून,” म्हणाल्या. मी दोन दिवस मोजून पाहायला सांगितलं. बादलीवर झाकण, सकाळी अर्ध्या लिटरच्या बाटलीतून वाटी भरायची, दुसऱ्या सकाळी उरलेलं परत बाटलीत ओतायचं. तीन किलोची मनी दिवसाला १९० मिलिलिटर पीत होती. मांजराने किलोमागे ५० मिलिलिटरहून जास्त पाणी वाटीतून पिणं हे आजाराचं लक्षण धरतात. कुत्र्यात ती रेघ १०० च्या आसपास. मागे मधुमेह असू शकतो, थायरॉइड असू शकतं, नसबंदी न केलेल्या कुत्रीत माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू झालेला असू शकतो. म्हाताऱ्या मांजरात बहुतेकदा मूत्रपिंडं.

मनीचं तेच निघालं. लघवी दाट करण्याची ती जुनी, वाळवंटी ताकद मूत्रपिंडाचा दोन तृतीयांश भाग निकामी झाला की जाते, आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर साधारण तीन चतुर्थांश गेलेला असतो. पाणी राखता येत नाही, ते वाहून जातं, म्हणून मांजर पीत राहतं, आणि तरीही कोरडंच पडत राहतं. आधीच्या वर्षांत तिने दाणे खाल्ले म्हणून हे झालं, असं मी म्हणणार नाही. तसं कोणी खात्रीने सांगू शकत नाही. पण आता तिच्या ताटात पाणी हवंच हे नक्की, आणि डॉक्टरांनी तिला मूत्रपिंडाच्या पथ्याचं ओलं खाणं लावून दिलं. तिची पाण्याची वाटी मात्र कधीही उचलायची नाही, कितीही प्याली तरी.

एक दिवसाआड आजी तिला घरीच सलाईन देतात. पिशवी खिडकीच्या गजाला अडकवलेली असते, मनी मांडीवर, खाली जुनं गोधडीचं पांघरूण. खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई आत सरकवायची, शंभर मिलिलिटर होईपर्यंत तिच्या कानामागे खाजवत बसायचं. शिरेत नाही, नुसतं कातडीखाली. सुई काढल्यावर पाठीवर उंटासारखा मऊ उंचवटा येतो. पहिल्यांदा पाहून आजी घाबरल्या होत्या. दुपारपर्यंत तो हळूहळू घसरत एका पुढच्या पायापाशी येतो, पाय जरा सुजल्यासारखा दिसतो, मनी तो चाटते. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी हात फिरवून बघावं, तर कातडी सपाट झालेली असते.